बिल्टी

फॉर्म मीच भरला. माझं अक्षर बरं,
एकवीस वर्षं कळमन्यात बिल्ट्या लिहून
एक आणि नऊ वेगळे दिसतील असं वळण पडलेलं.
नाव : उत्पला पुंडलिक गजभिये.
अभ्यासक्रम : जागतिक घडामोडी. एकात्मिक. पाच वर्षं.
कूलरचा एक थेंब 'एकात्मिक'वर पडला,
तिची माय मागून म्हणाली, 'म्हंजे काय वो?'
म्हटलं, थ्रू गाडी. बीएला माल उतरवायचा नाही,
एकाच सीलवर थेट एमए.
'अन् मधातच उतरा लागलं तं?'
तेही छापलं होतं, बारीक अक्षरात :
तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येईल.
त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली.
का मारली, ते सांगितलं नाही.

प्रजापती नगरहून मेट्रो, हिंगणा रोडला कॉलेज.
सव्वासातला डबा घेऊन जाते,
संध्याकाळी एखादा देश घेऊन येते.
कधी सुदान. कधी एक सामुद्रधुनी,
तिची रुंदी दाखवायला ताटात
वरणाच्या दोन्ही बाजूंना भाताचे काठ बांधते.
शेजारचे बांगरे विचारतात, पोरगी काय शिकते?
जग, मी म्हणतो.
'मंग लागते काय कुठी?'
लागते, म्हणतो. अन् पाण्याच्या टँकरचं काढतो.

माझं जग फोनवरचं.
रायपूर, संबलपूर, खरगपूर, बनगाव,
पेट्रापोलला माझी बिल्टी संपते.
पलीकडे संत्र्यावरचं शुल्क वाढलं त्या हंगामात
नवव्या दिवशी जब्बारचा फोन आला,
'बाबूजी, ताडपत्री उघडायची हिंमत होत नाही.'
ऑफिसात आम्ही सगळ्यांनी मिळून
कोणाला तरी शिव्या घातल्या.
नेमक्या कोणाला, ते ठरलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं प्रकल्प त्याच्यावरच घेतला.
रविवारी समोर बसली, मोबाईल मध्ये ठेवला,
एरवी मला तू म्हणणारी पोरगी म्हणाली,
'शुल्क वाढायच्या आधी आठवड्याला
किती गाड्या जायच्या, तुम्ही सांगू शकाल?'
मी शर्टाचं वरचं बटण लावलं.
चौदा. मग सहा. मग अख्ख्या महिन्यात तीन.
'आणि हमाल? ते कुठे गेले?'
शालिक सोनटक्के कुठे गेला, मला माहीत नव्हतं.
बारा वर्षं त्यानं माझ्या सहीवर पेट्या उचलल्या होत्या.
तिनं ती जागा कोरी सोडली.

मे महिना. निकाल लागला, माझा पगार अर्धा झालेला,
चौथ्या वर्षाच्या फीची शेवटची तारीख शनिवार.
फायलीत तिला फॉर्मची झेरॉक्स सापडली.
झेरॉक्समध्ये पेन्सिलीची रेघ शाईसारखी येते.
'मी इथंच उतरते बाबा. तूच तं खूण केली होती.'
म्हटलं, अर्ध्या वाटेत उतरवलेल्या मालाला,
'मी माल नाही,' ती म्हणाली.
मग दोघंही कूलरची घरघर ऐकत बसलो.

रात्री तिचा प्रकल्प उघडला. इंग्रजी मला अर्धंमुर्धं,
पण पान चाळीसच्या तळाशी बारीक अक्षरात
माझं नाव होतं, हुद्दा होता, कळमना होतं.
बारीक अक्षरात काय काय छापतात.
वर एक रकाना, हमालांचा,
आत नुसती आडवी रेघ.

शुक्रवारी हाफ डे टाकून पारडीत विचारत फिरलो.
चौथ्या गल्लीत भेटला शालिक,
पाण्याच्या कॅन उतरवत होता छोट्या हत्तीतून,
मला पाहून त्यानं हात पुसले, उगाच घाबरला.
'काऊन बाबूजी, काही हिशोब राहिला काय?'
हो, म्हटलं, राहिला.
खिशातून बिल्टीबुक काढलं, पान उलटं केलं,
मागची बाजू कोरी असते.
बाजूच्या ओट्यावर बसलो.
'सांगा,' म्हटलं. 'तुम्ही.'